मस्कतच्या फोटोवरचा डाग

सिंगापूरमधल्या वुडलँड्सच्या त्या इमारतीत माझी ओळख 'फोटो दुरुस्त करणारी बाई' एवढीच होती. तळमजल्यावर गाड्यांचं वर्कशॉप, दुसऱ्या मजल्यावर केक बनवणारे आणि तिसऱ्यावर मी. केकवाली चिनी बाई लिफ्टमध्ये भेटली की विचारायची, "आज किती म्हातारे बरे केलेस?" मी आकडा सांगायचे. ती खूश व्हायची, मीही व्हायचे.

खरं तर 'दुरुस्ती' हा शब्द मला कधी आवडला नाही. आमचं काम जतनाचं. सिंगापूरच्या हवेत बारा महिने ओल असते. जुन्या फोटोला बुरशी येते, कडा सुटतात, कसर लागते. ती बुरशी आम्ही थांबवतो, मळ उतरवतो, फाटलेला भाग पातळ जपानी कागदानं मागून जोडतो. बस. फोटोत जे नाही ते आणायचं नाही आणि जे आहे ते घालवायचं नाही, एवढा एकच नियम. पुण्यात रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं, नवऱ्याच्या बँकेच्या बदलीमुळे इथे आले, इथे हे काम शिकले आणि सव्वीस वर्षं केलं. सांगायला सोपा, पाळायला अवघड असा तो नियम या सगळ्या काळात मी शेकडो लोकांना ऐकवला.

लोकांना तो पटत नसे. एका बाईंनी सासूबाईंचा फोटो आणला होता. बुरशी वगैरे काही नव्हती. "चेहऱ्यावरचा राग थोडा कमी करता येईल का?" असं त्यांना विचारायचं होतं. एका गृहस्थांनी कुठे तरी वाचून आजोबांना टूथपेस्टनं घासलं होतं. आजोबांची मिशी गेली होती आणि ते आता आजीसारखे दिसत होते. ते गृहस्थ माझ्यासमोर बसून रडले. अशा वेळी मी फार ठामपणे बोलायचे. "माहिती नसताना पुसायला जाऊ नये," मी त्यांना म्हणाले होते. हे वाक्य मला अजून आठवतं, कारण पुढे ते मला स्वतःलाच ऐकवायची वेळ आली.

निवृत्तीच्या तीनेक वर्षं आधीची गोष्ट. हंसा नावाची पन्नाशीची बाई वडिलांना घेऊन आली. वडील कनकसीभाई, ऐंशी ओलांडलेले, सडपातळ, इस्त्रीचा पांढरा सदरा. भाटिया कुटुंब, मूळ कच्छचं. पण पणजोबांच्याही आधीपासून यांची पेढी मस्कतला. माझं नाव वसुधा गोखले असं ऐकल्यावर म्हाताऱ्यांचा चेहरा उजळला.

"तुम्ही मराठी ने, बेन? मग मराठीत बोला. मला येते मराठी. मुंबईला मी वीस वरस होता."

हंसा इथेच जन्मलेली. तिला मराठी कळत नव्हती. ती फोनवर ऑफिसची कामं करत बसली आणि आम्ही दोघं बोलत राहिलो. म्हणजे ते बोलत राहिले. मी कान अर्धेच दिले होते, कारण त्यांनी पिशवीतून जे काढलं त्यावरून माझी नजर हटत नव्हती.

मस्कत बंदराचा फोटो. दीडशे वर्षांच्या आसपासचा असावा. काचेवरून छापलेला, अंड्याच्या पांढऱ्याचा लेप दिलेल्या कागदावर. त्या काळी कागद असाच तयार करत, म्हणून त्याला ती पिवळसर, मऊ चकाकी असते. घोड्याच्या नालेच्या आकाराची खाडी, भोवती गवताची काडी नसलेले काळे खडक, दोन टोकांना दोन किल्ले. मध्ये पाण्याला लागून सपाट छपरांची घरं दाटीनं उभी. कॅमेऱ्याचं झाकण बराच वेळ उघडं ठेवावं लागत असे, त्यामुळे पाणी सायीसारखं गुळगुळीत आलं होतं आणि हलणाऱ्या होड्या धुरकट. खडक मात्र असे धारदार की हात लावला तर कापेल. इतक्या जुन्या काळातला मस्कतचा इतका चांगला फोटो मी त्याआधी पाहिला नव्हता. आणि त्याची काय दशा! कडेनं बुरशीचे तपकिरी ठिपके, वर धुराची पुटं, एका कोपऱ्यात कसरीनं खाल्लेलं.

"बेन, हे बघा," कनकसीभाई पुढे वाकले आणि त्यांनी तर्जनी फोटोच्या दिशेनं आणली. "इथे बघा, हा आमचा घर. इथे माझी आई..."

"काका, बोट लावू नका!" मी फोटो चटकन मागे ओढला. "बोटाला तेल असतं. तुम्हाला दिसत नाही, पण वीस वर्षांनी तिथे ठसा उमटतो."

"हां हां. सॉरी." त्यांनी हात मांडीवर ठेवला.

मग मी त्यांना कागद, लेप, बुरशी, सगळं समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली. आईबद्दलचं वाक्य अर्धवट राहिलं होतं. त्यांनी ते पुन्हा उचललं नाही, आणि मीही "काय म्हणत होतात?" असं विचारलं नाही. हंसानं फॉर्मवर सही केली. त्यात 'पृष्ठभागावरील मळ व डाग काढणे' असं छापलेलंच होतं.

काम सुंदर झालं. हे मी आजही म्हणेन. सहा आठवडे लागले. आधी फोटोचे फोटो काढून ठेवले, ती आमची पद्धत. कोरड्या ब्रशनं धूळ, मग भिंगाखाली एकेक इंच. धुराचं पुट उतरलं तेव्हा डावीकडच्या किल्ल्याच्या बुरुजावर तोफांच्या खिडक्या दिसायला लागल्या. एका छपरावर वाळत घातलेलं कापड दिसलं. मी एकटीच टेबलापाशी हसत होते.

पाण्याकाठच्या एका घरावर काळपट डाग होता, मसुराच्या डाळीएवढा. बुरशीचा नव्हता. तेलकट होता. एका जागी बरेचदा काही तरी लागल्यासारखा जाड. खाली घराची खिडकी पूर्ण झाकली गेली होती. कापसाचा बोळा बारीक काडीला गुंडाळला, द्रावणात बुडवला, हलकेच फिरवला. दोन मिनिटांत डाग निघाला आणि खिडकी दिसू लागली. बोळ्यावर काळं आलं. मी नोंदवहीत लिहिलं: 'ऑइली सूट, प्रॉबेब्ली फ्रॉम अ लॅम्प.'

ही नोंद मी इंग्रजीत केली, कारण सगळ्या नोंदी इंग्रजीतच करत असे. मराठीत लिहिली असती तर तेल आणि काजळी हे शब्द शेजारी शेजारी आले असते, आणि मग कदाचित माझा हात थांबला असता. माझ्या मुलीला, इराला, तीन वर्षांची होईपर्यंत रोज अंघोळीनंतर मी तीट लावली आहे. कपाळाच्या कडेला एक, तळपायाला एक. सेरंगूनच्या आमच्या फ्लॅटमध्ये आई भारतातून पाठवायची ती डबी होती, एरंडेलात खललेलं काजळ. त्याचा वास, ते बोटाला कसं चिकटतं, हे माझ्याइतकं कुणाला माहीत? आणि तेच काजळ भिंगाखाली आलं तेव्हा मला ओळखता आलं नाही.

कनकसीभाई आणि हंसा फोटो न्यायला आले. मी तो चांगल्या जाड पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवला होता, पुस्तकासारखा उघडणारा. त्यांच्यापुढे उघडून ठेवला आणि बाजूला उभी राहिले. खरं सांगायचं तर कौतुक ऐकायला उभी राहिले.

त्यांनी खिशातून भिंग काढलं. चेहरा फोटोच्या इतका जवळ नेला की मला श्वासाच्या ओलीची काळजी वाटली. भिंग पाण्याकाठून सरकत गेलं. उजवीकडून डावीकडे. मग डावीकडून उजवीकडे. मग पुन्हा.

"काका, किल्ल्यावर बघा. तोफांच्या खिडक्या दिसताहेत," मी म्हणाले.

"हां."

"आणि हे छपरावरचं कापड."

"हां, बेन." भिंग अजून पाण्याकाठीच होतं. बऱ्याच वेळानं त्यांनी ते खिशात ठेवलं. "छान. एकदम साफ झाला." मग हात जोडून म्हणाले, "तुम्ही खूप मेहनत केली."

ते गेले. मला जरा हिरमुसल्यासारखं झालं. एवढं काम केलं आणि माणूस दोन शब्दांत उठून गेला, असं मी घरी नवऱ्याला सांगितलंसुद्धा.

चार दिवसांनी हंसाचा फोन आला. ती हिंदीत बोलत होती, चाचरत. "वसुधा आंटी, रागावू नका. पप्पा काही बोलणार नाहीत, म्हणून मीच विचारते. त्या फोटोवर एक काळा ठिपका होता. तो कुठे गेला?"

"तो डाग होता. काढला."

ती म्हणाली, "तो डाग नव्हता. दादीनं लावलेलं काजळ होतं."

समोरच्या कपाटात नोंदवही होती. काढून बघायची गरज नव्हती.

शनिवारी दुपारी मी हौगांगला त्यांच्या फ्लॅटवर गेले. बरोबर काम सुरू करण्यापूर्वी काढलेल्या फोटोची मोठी प्रत नेली होती. त्यात तो डाग जसाच्या तसा होता. हंसानं चहा ठेवला. कनकसीभाई खिडकीपाशी बसले होते. आधी मी माफी मागितली. त्यांनी हात हलवला, जसं काही मी चहाचा कप सांडला होता.

"तुम्हाला काय खबर? मी सांगितला नाही."

"तुम्ही सांगत होतात. मी सांगू दिलं नाही."

हळूहळू त्यांनी सगळं सांगितलं.

कुटुंबानं मस्कत सोडलं तेव्हा ते दोन वर्षांचे होते. मोठा भाऊ मूलजी तेव्हा वीस वर्षांचा. कोणी तरी पेढी सांभाळायला हवी म्हणून तो एकटा मागे राहिला, दोन वर्षांत येतो म्हणून. मुंबईच्या घरात हा फोटो भिंतीवर होता. आई दर दिवाळीत तो खाली काढायची, काच सोडवायची आणि स्वतःच्या बोटानं त्या एका घरावर काजळ लावायची. मुलगा त्या घरात होता. मुलापर्यंत हात पोचत नव्हता, म्हणून घराला.

"मेशनुं टपकुं," कनकसीभाई म्हणाले. "तुम्ही काय म्हणता त्याला?"

"तीट."

"हां. तीट. चार दिवाळी लावली. पाचव्या दिवाळीच्या आधी तार आली. मूलजीभाई तापानं गेला. मग आईनं कधी लावली नाही. पण पुसू पण दिली नाही. फोटो साफ करायचा असेल तर स्वतः करायची, तेवढी जागा सोडून."

तो भाऊ त्यांना आठवत नव्हता. चेहरासुद्धा नाही, कारण त्याचा फोटोच नव्हता. घरही पुढे पाडलं गेलं. उरलेला भाऊ म्हणजे तो ठिपका.

मी मोठी प्रत काढून त्यांच्यापुढे धरली. "काका, जागा गेलेली नाही. हे बघा, इथे. मी लाल गोल करून देते. चौकटीत घालून देते."

त्यांनी प्रतीकडे पाहिलंही नाही. "बेन, माझे डोळे गेले. दोन वरस झाले. किल्ला दिसत नाही, होडी दिसत नाही, सगळा भुरा भुरा दिसतो. तो एक काळा दिसायचा." मग माझ्याकडे वळून अगदी सहज म्हणाले, "तुमच्याकडे काजळ असेल ने? तुम्ही लावा. तुम्ही आई आहात."

हंसा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला शब्द कळले नसतील, पण काय मागितलं ते कळलं असावं, कारण ती माझ्याकडे बघत होती.

मी काय केलं? मी त्यांना नियम सांगितला. चहा घेत, नम्रपणे, पूर्ण वाक्यांत. की आमच्या कामात फोटोवर नसलेली गोष्ट आणता येत नाही. की तेलानं लेप खराब होतो. की एवढा जुना फोटो फक्त एका घराचा नसतो.

"नसलेली?" ते म्हणाले. "होती ने. तुम्ही काढली."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. मी म्हणाले, "मी विचार करते, काका."

"हां. करा विचार."

विचार करायला मी चौदा महिने घेतले.

सोंग करायचं नाही असं ठरवून लिहिते आहे, तर हेही लिहिते. त्या चौदा महिन्यांत मी काही रोज तळमळत नव्हते. कामं होती, आईच्या आजारपणात पुण्याला दोन फेऱ्या झाल्या. मधूनच आठवण यायची आणि मी स्वतःशी वाद घालायचे. नियम मोडायचा म्हणजे एवढी वर्षं लोकांना जे ठणकावलं ते खोटं ठरायचं. एकदा इराला सांगितलं. ती इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आई, जस्ट पुट द डॉट, लाह. हू विल ऑडिट यू?" मी तिच्यावर चिडले. तिला कामाचं गांभीर्य कळत नाही असं म्हणाले. गांभीर्य मलाच कळलं नव्हतं. मला नियमाची काळजी नव्हती, नावाची होती. उद्या हा फोटो कुणा जाणकाराच्या हातात पडला आणि त्यानं विचारलं की एवढं चांगलं काम करून हिनं हे काय फासून ठेवलं, तर? एवढीच भीती.

शेवटी एका रविवारी भारतीय वस्तूंच्या दुकानातून मी काजळाची डबी आणली. साधी, पितळी झाकणाची. हौगांगला कधी येऊ हे विचारायला सोमवारी हंसाला फोन केला.

"आंटी, पप्पांना जाऊन तीन आठवडे झाले," ती म्हणाली. "मी कळवायला हवं होतं."

तिनं कळवायला हवं होतं असं मला मुळीच वाटलं नाही.

महिनाभरानं ती स्वतः वुडलँड्सला आली. नोकरीनिमित्त ती ऑस्ट्रेलियाला निघाली होती. फोटो एका संग्रहालयाला द्यायचं ठरलं होतं आणि त्यांना फोटोची सध्याची स्थिती लिहून हवी होती. मी बसवलेल्या त्याच चौकटीत तिनं तो आणला होता.

चौकट उघडली आणि मला लगेच दिसलं. फोटोवर काळा ठिपका होता.

"हे कुणी केलं?"

"पप्पांनी. तुम्ही येऊन गेलात त्यानंतर सात-आठ महिन्यांनी. एक दिवस दुपारी माझ्याकडे काजळाची पेन्सिल मागितली. मला वाटलं, कशाला तरी हवी असेल." ती जरा हसली. "मग मला बोलावून विचारलं, बरोबर लागलं का?"

"तू काय म्हणालीस?"

"हो म्हणाले."

मी दिवा तिरका धरला. तिरप्या उजेडात कागदावरचं सगळं वर येतं. उजव्या किल्ल्याच्या पायथ्यापासून बोटांचे ठसे निघाले होते. एकामागून एक, खडकाच्या कडेकडेनं, अंधारात भिंत चाचपत जावं तसे. दिसत नव्हतं म्हणून ते किनारा बोटानं शोधत गेले होते. गुळगुळीत कागदावर बोटाला काय लागणार? मोजले तर अकरा ठसे होते. अकराव्याच्या पुढे काजळ टेकवलं होतं. एकदा नाही, तीन-चार वेळा दाबून, नीट, पक्कं.

ते घर नव्हतं. ते पाणी होतं. घरांच्या रांगेखाली, बंदराच्या मधोमध, जिथे होडीसुद्धा नव्हती.

"आंटी, संग्रहालयवाले विचारत होते की हा डाग काढून देता येईल का," हंसा म्हणाली. "मी त्यांना म्हटलं, तुम्हालाच विचारते."

"काढायचा नाही," मी म्हणाले. "ठसेपण नाहीत काढायचे."

अहवालात मी मूलजीभाईंचं, आईचं, कनकसीभाईंचं, सगळ्यांचं लिहिलं. पहिला ठिपका कुणी लावला, तो कुणी पुसला, माझ्या नावासकट. दुसरा कुणी लावला आणि का लावावा लागला. चार पानं झाली. स्थितीचा अहवाल एका पानाचा असतो. संग्रहालयानं तो फोटोबरोबर ठेवला की फाइलीत, मला माहीत नाही. विचारायला गेले नाही.

हंसानं अहवालावर माझी सही घेतली, चौकट बंद केली, पिशवीत घातली. लिफ्टपर्यंत सोडायला गेले तेव्हा तिनं विचारलं, "आंटी, खरं सांगा. ठिपका बरोबर जागी आहे ना? मी पप्पांना हो म्हणाले होते."

तिला घर ओळखता येत नव्हतं. तिनं ते कधी नीट पाहिलंच नव्हतं.

"आहे," मी म्हणाले.

लिफ्टचं दार बंद झालं. खरं घर त्या ठिपक्यापासून अर्धा इंच वर होतं. मला ते डोळे मिटूनसुद्धा दाखवता आलं असतं.